कोलिनियर की साधा डायपोल?

हौशी रेडिओच्या दोन मीटर बँडवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, अर्धी तरंगलांबी सुमारे १ मीटर भरते. तेवढ्या लांबीचा एकच उभा घटक म्हणजे डायपोल अँटेना. J आकाराच्या जे-पोल अँटेनाचा गेनही (एखाद्या दिशेला सिग्नल किती वाढतो ते) जवळपास डायपोलइतकाच. कोलिनियर अँटेनामध्ये असे घटक एकावर एक रचतात. पण नुसती लांब तार उभी करून भागत नाही. दर अर्ध्या तरंगलांबीनंतर करंट उलटा वाहू लागतो आणि क्षितिजाच्या दिशेने दोन्ही तुकडे एकमेकांचा सिग्नल खोडतात. म्हणून सगळ्या तुकड्यांत करंट एकाच दिशेने वाहावा यासाठी मध्ये फेजिंग कॉइल किंवा पाव तरंगलांबीचा स्टब (तारेचा जोडतुकडा) घालतात. कोॲक्सच्या (मध्ये तार, भोवती जाळी असलेल्या केबलच्या) घरगुती कोलिनियरमध्ये दर जोडावर आतली तार आणि जाळी यांची अदलाबदल करतात, ०.६६ व्हेलॉसिटी फॅक्टरच्या केबलचा (जिच्यात लहर मोकळ्या जागेतल्या वेगाच्या ०.६६ पटीने धावते) प्रत्येक अर्ध्या तरंगलांबीचा तुकडा तिथे ६८ सेंटिमीटरचा येतो.

हा गेन म्हणजे वर-खाली जाणारी ऊर्जा क्षितिजाकडे दाबणे, बाकी काही नाही. घटक दुप्पट केले तर जास्तीत जास्त ३ डीबी (डेसिबल; ३ म्हणजे ताकद दुप्पट), तेही दर वेळी पूर्ण मिळत नाहीत. डायपोलचा उभा झोत ७८ अंशांचा, चार घटकांचा पंचवीस-तीस अंशांचा. सपाट मुलुख आणि दूरचे रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारी स्टेशनं) असतील तर कोलिनियरच घ्या. दरीत राहत असाल आणि रिपीटर जवळच्याच उंच शिखरावर असेल, तर डायपोल बरा.

जाहिरातीतला आकडा डीबीआयमध्ये (सगळ्या दिशांना सारखा सिग्नल फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) असेल तर २.१५ वजा करा, मग डायपोलशी खरी तुलना होते. त्याआधी केबल बघा: ७० सेंटिमीटर बँडवर २० मीटर आरजी-५८ ही पातळ कोॲक्स सात-आठ डीबी गिळते. तिथे महागडा कोलिनियर लावणे म्हणजे गळक्या पाइपाला मोठा पंप जोडणे.

खालून फीड केलेल्या, म्हणजे केबल खालच्या टोकाला जोडलेल्या, लांब कोलिनियरचा झोत डिझाइनच्या फ्रिक्वेन्सीपासून सरकलात की वर किंवा खाली कलतो. मध्यातून फीड केलेला तेवढा बिघडत नाही, म्हणून मला तो जास्त पटतो.

स्वतः बनवणार असाल तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचे माप) चांगला आला म्हणून खूश होऊ नका. काहीच प्रक्षेपित न करता सिग्नलची उष्णता करणाऱ्या डमी लोडचाही तो उत्तमच असतो! फेजिंग चुकले तरी मीटर गप्प बसतो. त्याच मास्टवर, त्याच उंचीवर, त्याच केबलने आधी डायपोल लावून दूरच्या एखाद्या स्टेशनचा सिग्नल मोजा, मग कोलिनियर चढवा. फरक दिसला नाही, तर डायपोलच परत लावा. वाऱ्यातही तो कमी हलतो.