गोळी कशी घ्यायची, हे समजावून सांगणारे मेडिकल

उदगीर तालुक्यातील आमच्या गावाजवळच्या बाजारपेठेत असलेल्या या मेडिकलमधून आम्ही चार वर्षांपासून औषधे घेत आहोत. भाव आणि साठा इतर दुकानांसारखाच आहे. वेगळेपण आहे ते औषध हाती देताना मालक जे बोलतात त्यात.

माझे वडील रक्तदाबाची गोळी चक्कर आली की घेत आणि बरे वाटले की सोडून देत. ज्या दवाखान्यात ती लिहून दिली होती तिथे त्यांना कोणीही सांगितले नव्हते की, रक्तदाब वाढलेला असताना बहुधा काहीच जाणवत नाही आणि मनाने गोळी बंद केली तर लकव्याचा धोका वाढतो. या मालकांनी ते सांगितलेच, शिवाय “काका, आता तुम्ही मला सांगा, उद्या बरं वाटलं तर गोळी घ्यायची का?” असे विचारून वडिलांच्याच तोंडून उत्तर वदवून घेतले. ‘समजलं का?’ म्हटले की आपल्याकडे न समजलेला माणूसही मान डोलावतो, म्हणून ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

वाचता न येणाऱ्यांच्या पाकिटावर ते सूर्य आणि चंद्र काढून देतात. जुलाबाच्या दिवसांत गल्ल्याजवळ एक लिटरची रिकामी बाटली ठेवलेली असते, कारण ओआरएसची मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर क्षारांचे प्रमाण वाढून बाळाला अपाय होतो, आणि एक लिटर म्हणजे किती, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लक्षात राहत नाही. तयार केलेले पाणी २४ तासांत संपवावे आणि जुलाब थांबले तरी झिंकची गोळी १४ दिवस पूर्ण द्यावी, हेही ते न चुकता सांगतात. लाल उभी रेघ असलेली अँटिबायोटिकची पाकिटे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. त्यावरून गिऱ्हाईक रागावून निघून गेलेलेही मी पाहिले आहे.

उणीव एकच, पण ती मोठी आहे. सायंकाळी मालक नसतात आणि गल्ल्यावरचा मुलगा गोळ्या कापून देण्यापलीकडे काही बोलत नाही. बंजारा तांड्यावरच्या ज्या वृद्ध स्त्रियांना त्यांची गोरमाटी बोलीच नीट समजते, त्या नेमक्या याच वेळी शेतातून परतताना येतात. त्या मुलाला निदान पाच-सहा वाक्ये गोरमाटीत शिकवावीत, असे मी मालकांना सुचवले आहे.