कुलूपबंद लायसन्स की जीपीएल?

स्वतः लिहिलेला प्रोग्राम विकायला निघालेल्या एकट्यादुकट्या माणसाला कोणीतरी हमखास सांगतं, "आधी पेटंट घेऊन टाक." ही वाट पटकन निकालात काढू. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसता संगणक प्रोग्राम हा पेटंटयोग्य शोध धरला जात नाही. २००४ च्या अध्यादेशाने यात थोडी सूट आणू पाहिली होती, पण २००५ मध्ये संसदेने ती मान्य केली नाही. यंत्राशी जोडलेल्या शोधाची गोष्ट वेगळी, पण सोसायटीची बिलं काढणारा माझा प्रोग्राम काही त्यात बसत नाही. मला तरी हे बरंच वाटतं. थकबाकीवर व्याज लावायची रीत उद्या कोणा एकाच्या मालकीची झाली, तर सगळ्यात आधी मीच अडकेन.

कॉपीराइट मात्र न मागता मिळतो. १९८४ च्या दुरुस्तीपासून प्रोग्राम कायद्याने 'साहित्यकृती' आहे, त्यामुळे कवितेइतकंच संरक्षण: लेखकाच्या हयातीत आणि पश्चात ६० वर्षं. दर बजेटनंतर जीएसटीची काळजी करणाऱ्या प्रोग्रामला एवढं आयुष्य कशाला, हे मला कळलेलं नाही, पण असो. तेव्हा मालकी आहेच. ती कशी वापरायची एवढंच ठरवायचं: सोर्स (प्रोग्रामचा मूळ, वाचता येणारा कोड) झाकून ठेवून कुलूपबंद लायसन्सवर विकायचं, की तो उघडा ठेवून जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) लावायचं.

कुलूपबंद लायसन्स मी बरीच वर्षं वापरलं. त्याचे फायदे खरे आहेत. दर मशीनमागे पैसे मिळतात, हिशोब सरळ राहतो, आणि चोरी झालीच तर कायदा कडक आहे: चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी खाली किमान ७ दिवसांची कैद होऊ शकते. पण सोसायटीच्या सेक्रेटरीवर कोण केस घालणार? ते काका त्याच इमारतीतली आणखी दोन गिऱ्हाइकं आणून देत असतात.

मला खरा वैताग आला तो लायसन्स-कीचा, म्हणजे प्रोग्राम चालू व्हायला लागणाऱ्या परवाना-क्रमांकाचा. की हार्ड डिस्कशी बांधलेली. डिस्क गेली, विंडोज नव्याने टाकलं, कोणाच्या भाच्याने मशीन 'फास्ट' करून दिलं, की प्रोग्राम बंद आणि फोन मला. तोही नेमका सप्टेंबरात, कारण ३० तारखेच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते आणि ऑडिटर ताळेबंद मागत असतो. गंमत अशी की हरवण्या-बिघडण्याच्या भीतीने बॅकअप प्रत काढायचा हक्क कॉपीराइट कायद्याच्याच कलम ५२ ने गिऱ्हाइकाला दिलेला आहे. कायदा देतो ते माझं कुलूप काढून घेत होतं. आणि ज्यांना फुकट वापरायचं होतं त्यांनी कुठून तरी क्रॅक मिळवलाच. म्हणजे त्रास फक्त पैसे देणाऱ्यांना.

जीपीएलला लोक बिचकतात, कारण त्यांना वाटतं ते मालकीवर पाणी सोडणं आहे. तसं नाही. जीपीएल कॉपीराइटवरच उभं आहे. कोड माझा आहे म्हणूनच मी अट घालू शकतो: बदल करा, विका, पण पुढच्याला द्याल तेव्हा सोर्ससकट आणि याच अटींवर. एमआयटी नावाच्या दुसऱ्या खुल्या लायसन्समध्ये ही अट नसते, तिथे जवळपास दान करून मोकळं व्हायचं. जीपीएलखाली पैसे घ्यायलाही मनाई नाही. फक्त एकदा विकलेली प्रत गिऱ्हाईक पुढे कोणालाही देऊ शकतं, म्हणून मी कमाई प्रतींवरून मेंटेनन्सवर नेली. रक्कम लहान, पण दरवर्षी येते. सप्टेंबरात फोन अजूनही वाजतो, निदान आता त्याचे पैसे मिळतात.

अडचण इथेही आहे. कोणी तुमचा कोड आपल्या सर्व्हरवर चालवून नुसती सेवा विकली, तर साधं जीपीएल त्याला सोर्स द्यायला लावत नाही. ती शक्यता असेल तर एजीपीएल बघा, म्हणजे ही पळवाट बंद करणारा जीपीएलचा भाऊ. आणि तुमचा माल गेम असेल, किंवा विकल्यानंतर कोणी फोनच करणार नाही असं काही, तर मेंटेनन्सचं गणित कोलमडतं. तिथे कुलूप बरं, असं मीही म्हणेन. बिलं, हिशोब, दवाखान्याच्या नोंदी असल्या रोज हाताळायच्या कामाला मात्र मी पुन्हा कुलपाकडे जाणार नाही.

कोणतीही वाट धरा, नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड यात मोजू नका. वेगळा करार नसेल तर तो मालकाचा असतो. आणि गिऱ्हाइकाने "हक्क आमच्या नावावर करा" म्हटलं तर मुदत आणि प्रदेश कागदावर लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.