कंपनीचा स्टिरिओ ठेवायचा की बाहेरचा बसवायचा?

गाडीतला टेप बदलायचाय (टेप कधीच गेला, शब्द तेवढा राहिला) असं कोणी म्हणालं की मी आधी एकच विचारतो: त्रास आवाजाचा आहे की पडद्याचा? बरेच जण आवाजाला कंटाळून नवा पडदा बसवतात, मग पडदा झगमगतो आणि आवाज होता तिथेच राहतो.

आवाजाचं आधी बघू. नव्या स्टिरिओच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं, '५० वॉट × ४'. हे पन्नास येतात कुठून? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर बहुधा ४ ओमचा असतो. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा, उत्तर ५२ च्या आसपास येतं. म्हणजे आवाज पार फाटल्यावर जो जोर निघेल त्याचा हा आकडा. स्वच्छ, सलग आवाजाची ताकद 'आरएमएस' या नावाखाली माहितीपत्रकात बारीक अक्षरांत सापडते, आणि ती चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, २० वॉटच्या आगेमागे असते. कंपनीच्या साध्या स्टिरिओतही त्याच बॅटरीवर चालणारी तशीच चिप असते. म्हणून निव्वळ ताकदीत फार फरक पडत नाही.

मग बेसुरं वाजतं ते कशामुळे? बहुतेक वेळा दारामुळे. स्पीकरचा कोन हलका, चुंबक छोटं, आणि मागचा पत्रा प्रत्येक ठोक्याला स्वतःही वाजतो. बेस असलेलं एखादं गाणं मोठ्यानं लावा आणि दाराच्या पॅडवर तळहात ठेवा. हाताला झिणझिण्या आल्या तर पैसे कुठे घालायचे ते कळलंच. पुढचे दोन चांगले स्पीकर, दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारा चिकट थर) आणि स्टिरिओ कंपनीचाच, ही जोडी 'नवा स्टिरिओ, जुने स्पीकर' या जोडीला माझ्या मते सहज मागे टाकते.

तरी आवाजाच्या बाबतीत बाहेरच्या युनिटची एक बाजू खरंच भक्कम आहे: हातात येणारं नियंत्रण. बेस आणि ट्रेबलच्या (जाड आणि बारीक आवाजाच्या) दोन पट्ट्यांऐवजी दहा-तेरा पट्ट्यांचा इक्वलायझर मिळतो. लहान स्पीकरकडे खालचा बेस जाऊच न देणारा क्रॉसओव्हर असतो. टाइम अलाइनमेंट असेल तर जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडला जातो आणि गाणं उजव्या दारातून नाही तर समोरून आल्यासारखं वाटतं. मागे वेगळा अँप्लिफायर (सिग्नलची ताकद वाढवणारा डबा) जोडायला प्रीआउट नावाचे सॉकेट असतात, ते ४ व्होल्टचे असले तर २ व्होल्टपेक्षा खरखर कमी. शिवाय काही कंपन्या आपले स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढला की बेस गुपचूप कमी करतात, त्यातूनही सुटका होते. पुढे सबवूफर (फक्त खालच्या बेससाठीचा मोठा स्पीकर) लावायचा पक्का बेत असेल तर हे सगळं मोलाचं. तो बेत नसेल तर यातल्या निम्म्या गोष्टी मेनूतच पडून राहतील.

पडद्याचा त्रास असेल तर मात्र बाहेरच्याच्या बाजूनं बोलावं लागतं. फोनचे नकाशे, गाणी गाडीच्या पडद्यावर दाखवणारं आयफोनचं कारप्ले २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइड फोनचं अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. त्याआधीच्या गाडीत फोनचा नकाशा समोर दिसायला हवा असेल तर स्टिरिओ बदलण्यासारखा दुसरा सरळ उपाय नाही. पण कंपनीच्या पडद्यात वायरवालं कारप्ले आधीच असेल आणि रोज केबल लावायचा कंटाळा येत असेल, तर यूएसबीत खोचायचा छोटा वायरलेस अडॅप्टर पुरतो. त्यासाठी डॅशबोर्ड उघडायची गरज नाही.

बाहेरच्यांमध्येही दोन जाती आहेत. पायोनिअर, सोनी, केनवुड, अल्पाइन यांचे रिसीव्हर एका बाजूला आणि टॅबलेटसारखे पूर्ण अँड्रॉइडवर चालणारे मोठे पडदे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्यांवर वाटेल ते अ‍ॅप टाकता येतं, पण कमी रॅमचा घेतला तर रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा दिसायच्या आत गाडी मागे जाऊन थांबलेली असते. 'लगेच चालू होतो' असं सांगितलं तर समजा की तो बंद होत नाही, झोपतो, आणि झोपेतही बॅटरीतून थोडं थोडं ओढत राहतो. गाडी आठवडाभर उभी ठेवणाऱ्यानं हे विचारूनच घ्यावं. मी पहिल्या जातीतला घेईन.

हे सगळं ठरवण्याआधी डॅशबोर्ड मात्र नीट बघा. जुना खाचा प्रमाणित मापाचा असतो: सिंगल डिन १८० × ५० मिलिमीटर, डबल डिन १८० × १००. तिथे फ्रेम लावली की काम झालं. बऱ्याच नव्या गाड्यांत एसी, दारांच्या लॉकची सेटिंग, टायरचा दाब, पार्किंग सेन्सरचं चित्र सगळं त्याच पडद्यात असतं. असा पडदा काढू नये, इतकंच सांगतो. कंपनीचा वेगळा अँप्लिफायर सीटखाली किंवा डिकीत असेल तरी हेच. स्टिअरिंगवरची बटणं वाचवता येतात, पण कॅनबसच्या (बटणांचे संदेश डिजिटल तारेतून पाठवणाऱ्या) गाडीला त्यासाठी वेगळा इंटरफेस लागतो आणि तो तुमच्याच मॉडेलचा हवा. कंपनीचा रिव्हर्स कॅमेराही नव्या पडद्यावर चालेलच असं नाही. काही १२ ऐवजी ६ व्होल्टवर चालतात आणि थेट १२ दिले तर जळतात.

फिटिंगमध्ये फसगत होते ती फुटकळ वायरींवरून. माझ्या गाडीत नवा स्टिरिओ बसला, गाणी झकास वाजली, आणि एफएमवर नुसती खरखर. फिटर म्हणाला, 'स्टेशनच वीक आहे.' महिनाभर मीही तेच धरून चाललो. खरं कारण निघालं एक मोकळी निळी वायर. छतावरच्या अँटेनात छोटा अँप्लिफायर होता आणि त्याला वीज या वायरीतून मिळायला हवी होती. जोडली आणि खरखर गेली. तशीच गोष्ट पिवळ्या-लाल जोडीची. पिवळी कायम चालू राहणाऱ्या १२ व्होल्टला आणि लाल चावीला. उलट जोडल्या तर दर वेळी गाडी बंद केली की घड्याळ नि स्टेशनं पुसली जातात. दोन्ही कायमच्या पुरवठ्यावर टाकल्या तर चावी काढली तरी स्टिरिओ चालूच, आणि सकाळी बॅटरी बसलेली.

म्हणून मूळ वायरिंग कापू देऊ नका. गाडीच्या सॉकेटला बसणारं कपलर आधी घ्या, आणि ते हातात आल्याशिवाय गाडी फिटरकडे नेऊ नका. वॉरंटीचा वाद झाला तर कापलेली वायर सगळ्यात आधी पुढे येते. कपलर वापरलं असेल तर अर्ध्या-पाऊण तासात सगळं पूर्ववत होतं, फक्त कंपनीचा स्टिरिओ, त्याची पट्टी आणि चारही स्क्रू एका पिशवीत बांधून ठेवलेले हवेत. माझ्या पिशवीत तीनच आहेत.