जुन्या बोलेरो पिकअपला दुसरं इंजिन: आठ महिने, साडेअठरा हजार किलोमीटर

कार्तिकात बसवलेलं इंजिन आता आषाढापर्यंत साडेअठरा हजार किलोमीटर चाललं. थंडीतल्या पहाटा, मे महिन्यातलं भुसावळचं ऊन आणि पहिला पाऊस, तिन्ही बघून झालं, म्हणून लिहायला बसलो. स्वतःच्या गाडीला दुसरं इंजिन बसवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात "एकदम मस्त चालतंय" म्हणणारे खूप भेटले होते मला. त्यांच्या भरवशावर निर्णय घेतला असता तर आज पुन्हा मिस्त्रीच्या दारात उभा असतो.

गाडी २०११ ची बोलेरो पिकअप. २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डीआय टर्बो डिझेल इंजिन, साध्या डिझेल पंपाचं, कॉम्प्युटर नसलेलं. गाव रावेर तालुक्यात. केळीचे कॅरेट बऱ्हाणपूर नाहीतर भुसावळला, थंडीत बामणोदकडची भरताची वांगी जळगावच्या मार्केटला, कापूस निघाला की जिनिंगला. गाडी दारात उभी राहिली की घरातला पैसाही उभा राहतो, आणि ही गाडी एकोणीस दिवस उभी होती.

जुनं इंजिन गेलं पालच्या चढावर. रेडिएटरचा खालचा होस, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, फुगलेला आहे हे मला दोन महिन्यांपासून दिसत होतं. "दिवाळीनंतर बदलू" म्हणत राहिलो आणि तो चढावर फुटला. इथे एक गोष्ट सगळ्या पिकअपवाल्यांना मनापासून सांगतो. पाणी तापलं की काटा वर जातो, एवढंच आपण धरून चालतो. पण पाणीच निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. मी तो खाली आलेला काटा बघून निर्धास्त होतो. तीन किलोमीटरवर गाडी जड झाली, घरघरली आणि आपोआप बंद पडली.

आमचे मिस्त्री, ज्यांना सगळा तालुका चाचा म्हणतो, त्यांनी उघडून दाखवलं. हेड वाकलेलं, दोन पिस्टन घासून ओरखडलेले, आणि ब्लॉकला दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधे चीर. ब्लॉक चांगला असता तर बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून कापून सारखे करून, तेच इंजिन उभं केलं असतं, दुसरा विचारही केला नसता. आपल्या इंजिनाचा इतिहास आपल्याला माहीत असतो, हा मोठा फायदा. चीर दिसल्यावर तो रस्ता बंद झाला.

मग उरले तीन पर्याय. नवीन हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं कोरं आणि हेड आपलं. भाव ऐकला तो गाडीच्या विकत्या किमतीच्या निम्म्याहून जास्त, आणि माझं हेडही गेलेलं. ज्याला ही गाडी अजून आठ-दहा वर्षं ठेवायचीय त्यानं जरूर विचार करावा. माझं गणित चार-पाच वर्षांचं आहे.

दुसरा पर्याय माझ्या मावसभावानं डोक्यात घातला होता: नवीन मॉडेलचं सीआरडीआय, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन टाक, ओढ पण वाढेल आणि ॲव्हरेज पण. मीही दोन दिवस त्याच विचारात झोपलो नाही. चाचांनी शांतपणे समजावलं. त्या इंजिनासोबत त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लागतो, अख्खं वायरिंग लागतं, ॲक्सिलरेटरला केबलऐवजी सेन्सरचं पेडल लागतं. एक वायर उंदरानं कुरतडली तर रात्री दोन वाजता रस्त्यात स्कॅनर कुठून आणणार? माझ्या इंजिनाला डिझेल, हवा आणि बंद करायला एक सोलेनॉइड, बस. वर कागदाचा प्रश्न वेगळा. वेगळ्या जातीचं इंजिन म्हणजे आरटीओत साध्या इंजिन-बदलापेक्षा फार लांबचं प्रकरण. तो विचार तिथेच सोडला, आणि आज त्याबद्दल समाधान आहे.

राहिलं ते त्याच जातीचं वापरलेलं इंजिन. यात सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं इंजिन बघायला धुळ्याकडे गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, इंजिन मस्त शे, चालू करी दावस." सेल्फ मारल्याबरोबर चालू झालं, धूरही नाही. मी खिशातून पैसे काढायच्या बेतात होतो. चाचांनी मात्र आल्याआल्या ब्लॉकवर तळहात ठेवला होता. ब्लॉक कोमट होता. आमच्या आधीच कोणीतरी ते तापवून ठेवलं होतं, कारण गार इंजिन कसं चालू होतं त्यातच त्याची तब्येत कळते. मग त्यांनी गेजपट्टी काढून धरली. ऑइल काकवीसारखं जाड, थेंब पडायलाच तयार नाही. जाड ऑइल भरलं की झिजलेल्या रिंगाही काही वेळ दाब धरतात आणि बेअरिंगचा आवाज दबतो. आम्ही नोझल काढून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावू द्या म्हणालो. दुकानदार तयार नव्हता, अर्ध्या तासानं झाला. आकडे आले २४, २५, १७, २४. तीन नंबर सिलिंडर बसलेलं. उठलो आणि घरी आलो.

दुसरं एक स्वस्तात मिळत होतं, पण नंबर ठोकलेली जागा ग्राइंडरनं ताजी चमकवलेली. असं इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नका. ते कुठून आलं असेल याचा विचार करा, आणि उद्या पोलिसांपुढे उत्तर तुम्हाला द्यायचंय हेही लक्षात ठेवा.

तिसरं मिळालं ते अपघातात मागून चेपलेल्या पिकअपचं. मालकाचं आरसी, विक्रीची पावती, गाडी भंगारात काढल्याचा कागद, सगळं जागेवर, आणि इंजिनवरचा नंबर कागदाशी अक्षर न अक्षर जुळणारा. गार इंजिनवर कॉम्प्रेशन घेतलं: २६, २५, २६, २६. बावन्न हजाराला सौदा झाला.

माझ्या मते खरं शहाणपण यापुढे होतं, आणि तेही चाचांचं. मला वाटत होतं, आकडे चांगले आहेत तर थेट बसवू, दहा दिवस वाचतील. ते म्हणाले, "भो, एकदा खाली आहे तोवर उघड. गाडीत चढल्यावर उघडायला दुप्पट मजुरी देशील." जळगावला मशीन शॉपमधे नेलं. बोअर गेज वर-मधे-खाली फिरवून मापलं, झीज मर्यादेच्या आत. पिस्टन तेच ठेवले, होनिंग करून, म्हणजे सिलिंडरच्या आत दगडानं बारीक रेघा पाडून, रिंगा नव्या घातल्या. क्रँक स्टँडर्ड साइजवरच निघाला, ग्राइंडिंग लागलं नाही. बेअरिंग नवे टाकताना तिथल्या कारागिरानं क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमधे फिरणाऱ्या गोल भागावर, एक हिरवा, दोऱ्याएवढा बारीक मेणासारखा तुकडा ठेवला, कॅप टॉर्कवर आवळली आणि पुन्हा उघडली. तुकडा चपटा होऊन पट्टी झाला होता. त्या पट्टीची रुंदी पाकिटावरच्या मापाशी लावून त्यानं बेअरिंगमधली जागा सांगितली. वीस वर्षं गाड्या चालवतोय, पण हे पहिल्यांदा बघितलं. हेड पाण्याच्या टाकीत बुडवून हवेचं प्रेशर दिलं, एक बुडबुडा आला नाही. डिझेलचा पंप मात्र माझाच ठेवला, तो आदल्या वर्षीच कॅलिब्रेट केलेला होता.

खर्च लपवत नाही. इंजिन ५२ हजार, मशीन शॉप आणि किट २८, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट साडेसात, नवा रेडिएटर ९, होस-थर्मोस्टॅट-पाण्याचा पंप-माउंटिंग साडेसहा, मजुरी १२, ऑइल-कुलंट ४. एकूण १ लाख १९ हजार. रेडिएटर जुनाच साफ करून चालला असता असं दोघांनी सांगितलं. पण पाणी गेल्यामुळे एक इंजिन गेलं, आणि पुन्हा जुनाच रेडिएटर नव्या इंजिनापुढे ठेवायचा, हे माझ्या मनाला पटलं नाही.

आरटीओचं काम टाळू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ मधे इंजिन बदलल्याची नोंद सांगितली आहे. आधी परवानगी न घेता बदललं असेल तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. मी आधीच अर्ज दिला. गाडी दाखवायला नेली तेव्हा इंजिनच्या नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, आणि कागदावर एकेक आकडा उमटला. नंतर आरसीवर नवा नंबर चढला, तोच विमा पॉलिसीवरही चढवून घेतला. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तेव्हा नंबर जुळला नाही तर तिथेच अडकाल. अपघात झाला तर विम्याचंही तेच.

पहिले हजार किलोमीटर मी अर्ध्या मालावर काढले. पण नुसती आयडलवर घरघरत ठेवली नाही. नव्या रिंगा आणि होनिंगच्या रेघा एकमेकींवर बसायला दाब लागतो. बिनालोड तासन्‌तास चालू ठेवलं तर सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल खाणं कायमचं मागे लागतं. पाचशेला पहिलं ऑइल काढलं, त्यात बारीक चमक होती. दुसऱ्या वेळी नव्हती.

आता आठ महिन्यांचा हिशोब. जुनं इंजिन शेवटच्या वर्षात हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खायचं. हे दोन सर्व्हिसच्या मधे पाव लिटरही मागत नाही. भरल्या गाडीचं ॲव्हरेज दहावरून साडेबारावर आलं. डिसेंबरच्या पहाटे वांगी भरून निघताना पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू. मे महिन्यात भुसावळला दुपारी दोन वाजता, डांबर पाघळत असताना, सव्वा टन माल घेऊन उभं राहिलो आणि पुन्हा निघालो, काटा मधोमध. त्या दिवशी मी काट्यावर विश्वास न ठेवता दोनदा उतरून रेडिएटरच्या पाण्याची बाटली पण बघितली. ती सवय आता जाणार नाही.

तक्रारी आहेत. पहिल्या महिन्यात केबिन थरथरायची. स्वस्तातलं माउंटिंग घेतलं होतं, ते दीड महिन्यात बसलं. चांगलं टाकल्यावर थरथर गेली, म्हणजे मजुरी दोनदा पडली. चौथ्या गिअरमधे चढावर ओढ जुन्या इंजिनापेक्षा थोडी कमी वाटते. टर्बोचा होस बदलून बघितला, फरक पडला नाही. एक्झॉस्टकडे अजून बघायचंय.

आणि क्रँकचं मागचं ऑइल सील किंचित पाझरतं. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कव्हरच्या, खाली सकाळी एक थेंब लोंबत असतो, जमिनीवर डाग पडण्याइतका नाही. त्या वेळी किटमधलंच सील बसवलं, चांगल्या कंपनीचं वेगळं आणायला हवं होतं. क्लच अजून कोरडा आहे. पोळ्यानंतर केळीची गर्दी ओसरली की गिअरबॉक्स उतरवून ते बदलायचं, असं चाचांशी ठरलंय.