फोटोतल्या गाडीला कॉइल स्प्रिंग, माझ्या जिप्सीला पाटे

"बंप स्टॉप सेट केलेत साहेब, आता कुठंही घाला गाडी." गॅरेजवाल्याचं हे वाक्य मला साडेसात हजारांना पडलं. शॉकअपचा खर्च वेगळा.

जुनी जिप्सी दोन इंच उचलून घेतली, लांब शॉकअप टाकले. लांब शॉकअप पूर्ण मिटल्यावरही मूळच्यापेक्षा लांबच राहतो. म्हणून चेसिसखालचा रबरी गट्टू, म्हणजेच बंप स्टॉप, खाली आणावा लागतो, म्हणजे ॲक्सल आधी त्याच्यावर टेकतो आणि शॉकअप तळाला जात नाही. मला हे माहीत होतं. म्हणून तर एस्टिमेटमध्ये 'बंप स्टॉप सेटिंग' वाचून मी खूश झालो आणि गाडीखाली वाकायचे कष्ट घेतले नाहीत. व्हॉट्सॲपवर नव्याकोऱ्या पिवळ्या पॉलियुरेथेन गट्टूंचा फोटो आला, मी अंगठा पाठवला.

मुळशीकडच्या खडकाळ वाटेवर दुसऱ्याच खेपेला मागून ठक्क. रबरावर टेकल्याचा आवाज बोदा येतो, हा लोखंडाचा होता. घरी येईपर्यंत डावा शॉकअप तेलानं माखला होता. गॅरेजवाला म्हणाला, "तुम्ही आपटली असणार."

भोसरीच्या एका मिस्त्रीकाकांनी चेसिस स्टँडवर घेतली, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) सोडले आणि जॅकनं ॲक्सल हळूहळू वर नेला. शॉकअप पूर्ण मिटला तरी गट्टू आणि ॲक्सलमध्ये माझा अंगठा जात होता! खरं तर गट्टू पुरता दबल्यावरही शॉकअपमध्ये अर्धा इंच दांडी शिल्लक हवी. त्यात फोमसारखं पॉलियुरेथेन निम्म्याहून जास्त दबतं, साधं रबर कमी, तेही हिशेबात धरायचं. लिफ्ट दोन इंच म्हणून गट्टूही दोन इंच खाली, असं सरळ गणित नसतं. काकांच्या मोजणीत मागे पावणेदोन आला, पुढे सव्वा.

आणि गट्टू? मूळचेच, वर काळा रंग मारलेला. तो फोटो पुन्हा उघडला, तर गट्टूमागे कॉइल स्प्रिंग स्पष्ट दिसत होती. जिप्सीला चारही बाजूंनी पाटे असतात! गाडी ताब्यात घेताना "जुने गट्टू द्या" एवढं म्हटलं असतं, तरी गॅरेजवाला तिथेच सापडला असता. द्यायला होतेच कुठे.

पैसे मागायला गेलो तर म्हणाला, "बिल दाखवा." बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, ना शिक्का, ना जीएसटी क्रमांक.

आता ट्रेलला निघताना लेकीची खेळायची क्ले गट्टूंवर थापतो. परत आल्यावर ती किती चेपली ते बघायचं. लेक वैतागते, निळा रंग संपत आलाय.