तीन हात सांगितले आणि हातावर तुरी दिली

आमच्या दोन्ही बेडरूममध्ये बिल्डरनं लाकडी फ्लोअरिंग दिलेलं आहे. एकात एक अडकवलेल्या पट्ट्या, खाली पांढरा फोम. तेरा वर्षांत त्याची रया गेली होती. टेबलापाशी खुर्चीच्या चाकांनी दोन फिकट चकत्या पाडल्या होत्या आणि गॅलरीच्या दाराशी पावसाची झड येऊन पट्ट्यांच्या कडा काळवंडल्या होत्या. शिवाय आमच्या कामाच्या बाई स्वयंपाकघराच्या फरशीसारखंच तेही बादलीभर पाण्यानं पुसायच्या आणि मी त्यांना कधी अडवलं नाही. तेवढा दोष माझा.

डिसेंबरात लेकीचं केळवण घरी करायचं होतं, म्हणून नोव्हेंबरात मी माणूस शोधायला लागले. सोसायटीतल्या एकीनं नंबर दिला. तिनं त्याच्याकडून काम करून घेतलं नव्हतं, तिलाही तो कुणीतरी दिला होता. हे मला नंतर कळलं.

माणूस चाळिशीचा, नीटनेटका. बूट दाराबाहेर काढले, मला काकू म्हणाला, पाणी मागून प्यायला. मला तो आवडला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण फसवणारा माणूस उर्मट किंवा गोडबोल्या असतो आणि आपल्याला लगेच ओळखू येतो, अशी माझी समजूत होती.

त्यानं खिशातून एक बाटली काढली, फडक्यावर चार थेंब घेतले आणि टेबलाजवळची एक पट्टी पुसली. पट्टी एकदम नव्यासारखी दिसायला लागली. रेषा उठल्या, रंग भरला. मी थक्क. "काकू, लाकूड जिवंत आहे, वरची घाण काढायची फक्त." त्या बाटलीत तेल होतं की आणखी काही, ते देव जाणे, पण आता सांगते: झिजलेल्या लाकडावर साधं पाणी लावलं तरी ते ओलं आहे तोवर तसंच देखणं दिसतं. घरी करून बघा. दुसऱ्या दिवशी ती पट्टी पुन्हा फिकट झाली होती. ते मी पाहिलं, आणि "अजून पॉलिश कुठे केलंय" अशी स्वतःचीच समजूत घातली.

दर ठरला ११० रुपये चौरस फूट. तीनशे फुटांचे ३३ हजार. मशीनची घासाई, एक हात सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं भरणारा खालचा थर, वर इंपोर्टेड पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन हात, पाच दिवस, धूळ अजिबात नाही. मी दर विचारला, दिवस विचारले, वास येईल का विचारलं. वरचं खरं लाकूड किती जाड आहे, हे मात्र विचारलं नाही. असा काही प्रश्न असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

तर आता नीट ऐका. हे फ्लोअरिंग दिसतं अख्ख्या लाकडाचं, पण खऱ्या लाकडाचा थर फक्त वर असतो. खाली प्लायवूड किंवा दाबलेला भुसा. तो वरचा थर चांगल्या मालात तीन-चार मिलिमीटर, कधी सहा, आणि स्वस्त मालात एक मिलिमीटरही नसतो. मशीननं एकदा पूर्ण घासाई केली की अर्धा ते एक मिलिमीटर जातो. म्हणजे जाड थर असेल तर घासाई एक-दोनदा सोसतो. पातळ असेल तर ती करायचीच नसते. आणि लॅमिनेट असेल तर वर लाकूडच नसतं, लाकडाचं चित्र छापलेला कागद असतो. तो घासून काय मिळणार?

पहिल्या दिवशी दोन पोरं आली. मशीन म्हणजे फरशी कापायचा हातातला ग्राइंडर, त्याला ४० नंबरच्या, म्हणजे अगदी जाडाभरड्या, पॉलिश पेपरची चकती. धूळ नाही म्हणजे काय, तर घरातला जुना व्हॅक्यूम क्लीनर, त्याची नळी टेप लावून बांधलेली. दुपारी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पिठात बुडवल्यासारखा दिसत होता. दिवाण हलवायला नको म्हणाले, "खाली कोण बघतंय काकू." हिशोबात मात्र दिवाणाखालची जागा धरलेली होती.

संध्याकाळी मी दारात उभी होते. पश्चिमेचं ऊन जमिनीवर आडवं येत होतं आणि सगळीकडे चंद्रकोरीसारखे ओरखडे उठलेले दिसत होते. खिडकीखाली हाताच्या पंजाएवढा एक भाग वेगळाच होता. बाकी लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीनं जात होत्या, तिथे त्या आडव्या वळल्या होत्या, फिकट, मधे डिंकाचा तपकिरी डाग. मी बोट ठेवलं तर बाकीच्यापेक्षा खरखरीत लागलं. वरचं लाकूड संपून प्लायवूड उघडं पडलं होतं, पण हे मला कुठलं कळायला? त्याला फोन केला. "लाकडातली गाठ आहे काकू, पॉलिशनंतर सुंदर दिसते."

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले, तर एक पोरगा तिथे उकिडवा बसून बारीक ब्रशनं रेषा ओढत होता. तपकिरी रंगानं, लांबीच्या दिशेनं, शेजारच्या पट्टीकडे बघत बघत. हात फार चांगला होता त्याचा. मी चक्क कौतुक केलं.

माळ्यावर बिल्डरनं दिलेले जादा पट्ट्यांचे दोन खोके होते. तेही त्या काम घेतलेल्या माणसानं पाहिले. "भंगार कशाला सांभाळताय, जाताना टाकून देतो." मी दिले! वरून चहा पाजला.

पैसे असे गेले: आधी १५ हजार, घासाई झाल्यावर १०, दुसरा हात झाला म्हणून ५. सगळे यूपीआयनं, आणि प्रत्येक वेळी नाव वेगळं. "भावाचं खातं आहे", "पोराचं आहे". तिसरा हात सोमवारी देतो म्हणाला. तो सोमवार अजून उजाडायचा आहे. दोन दिवस फोन वाजला, मग बंद.

इंपोर्टेड पीयूचे डबे मी डोळ्यांनी पाहिले होते, मोबाइलमध्ये फोटोही होता. मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं की झाकणाच्या कडेला जुने ओघळ वाळून पिवळे पडलेले आहेत. डबे फक्त दाखवायचे होते. ओतलं होतं ते शेजारच्या पांढऱ्या कॅनमधलं. वास असा की डोळ्यांतून पाणी येत होतं, आम्ही चार रात्री हॉलमध्ये झोपलो. केळवणाच्या दिवशी सगळं झगमगत होतं, पाहुण्यांनी तारीफ केली. पंधरा दिवसांत खुर्चीखाली पापुद्रे सुटायला लागले, कांद्याच्या सालीसारखे.

मग भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून एका ओळखीच्यांनी एक म्हातारे पॉलिश मिस्त्री पाठवले. ते आले, काही बोलले नाहीत. दाराखालची पट्टी चार स्क्रू काढून उचलली आणि मला खाली वाकायला सांगितलं. फ्लोअरिंगची कड तिथे केकच्या कापासारखी उघडी होती. वर दोऱ्याएवढी एक रेघ, खाली सगळं प्लायवूड. "ताई, हे एवढंच लाकूड होतं. सालच होती, ती सोलली." स्क्रूड्रायव्हर आणि दोन मिनिटं, एवढ्यावर ३० हजार वाचले असते.

त्यांनी पापुद्रा चुरगळून पाहिला. मेलामाइनचं पॉलिश. कपाटाला उत्तम, कडक आणि चकचकीत, पण ठिसूळ; पायाखाली, चाकाखाली टिकत नाही. तो झोंबणारा वासही त्याचाच. आमच्या जमिनीला खरं तर घासाईची गरजच नव्हती, असं ते म्हणाले. बारीक जाळीनं वरचं जुनं पॉलिश नुसतं खरवडायचं, धूळ नीट पुसायची, वर पाण्यातल्या पीयूचे दोन हात. लाकडाला धक्का नाही. काळ्या पडलेल्या पट्ट्या तेवढ्या बदलायच्या. "जादा पट्ट्या असतील ना घरात?" त्यांनी विचारलं. मी काय सांगणार!

तक्रारीचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? माझ्याकडे बिल नाही, पत्ता नाही, कार्डावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर तपासला तर सापडला नाही. तो तपासायलाही पैसे देण्याआधीची दोन मिनिटं पुरली असती. तुम्ही काम देणार असाल तर दाराखालची पट्टी उघडून घ्या, थराची जाडी त्याच्यासमोर मोजा, पॉलिशचं नाव बिलावर लिहून घ्या आणि सील तुमच्यासमोर फोडायला लावा. एका कोपऱ्यात फूटभर करून दाखव म्हणा, आणि आठवडाभर त्यावर रोज चाला. घाई असेल तर काम पुढे ढकला, गालिचा अंथरा. केळवणाला कुणी जमीन बघायला येत नाही.

मिस्त्रींनी भिंतीकडची स्कर्टिंग काढून पट्ट्या एकेक सोडवल्या. दिवाणाखालच्या सहा पट्ट्यांना कुणी हात लावला नव्हता, त्या खिडकीखाली आणल्या आणि तिथल्या प्लायवूड उघडं पडलेल्या पट्ट्या दिवाणाखाली सरकवल्या. बाकीचं सुटलेलं मेलामाइन त्यांनी हातानं काढलं, तीन दिवस लागले. खिडकीखालच्या पट्ट्या शेजारच्यांपेक्षा थोड्या गडद आहेत, ऊन लागून मिळतील म्हणाले.

परवा झाडताना दिवाणाखाली वाकले. ब्रशनं ओढलेल्या रेषा अजून तशाच आहेत, एकही पुसलेली नाही. अख्ख्या कामात तेवढंच त्यानं पक्कं केलं होतं.