कोपराचा बाक: ऑपरेशन करायचं की तसाच राहू द्यायचा?

कोपराच्या वरचं हाड मोडलं, प्लास्टर निघालं आणि हात सरळ केला की आतल्या बाजूला वाकडा दिसतोय, असं ज्यांच्या मुलांचं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आम्ही वर्षभर ह्याच घोळात होतो.

तसाच ठेवणं हा काही वाईट पर्याय नाही हं. दुखत नाही, लिहिणं-जेवणं-चेंडू फेकणं सगळं जमतं. फक्त 'वाढत्या वयात आपोआप सरळ होईल' ह्या भरवशावर ठेवू नका. मूल लहान असेल तर पुढे-मागे राहिलेला बाक बराच भरून येतो, आत-बाहेरचा नाही येत, आणि दंडाची वाढही मुख्यतः खांद्याकडून होते, कोपराकडून जेमतेम 20 टक्के.

माझं मत फिरवलं ते बादलीने. सरळ हाताने काही उचललं की पंजा अंगापासून थोडा लांब राहतो, साधारण 5 ते 15 अंश, म्हणून तर डॉक्टर त्याला कॅरिंग अँगल म्हणतात. आमच्याकडे तो उलटा झालेला, त्यामुळे पोरगा अर्धी बादली घेऊन निघाला की दर पावलाला ती गुडघ्यावर आपटायची आणि बाथरूमपासून दारापर्यंत पाण्याची रेघ. एक दिवस बघितलं तर गडी डाव्या हाताने नेत होता, कुणी सांगितलंही नव्हतं. डॉक्टरांनी पुढे कधीतरी कोपर ढिलं पडणं, करंगळीत मुंग्या येणं असंही सांगितलं होतं, पण खरं सांगायचं तर मला ती रेघच जास्त खुपली.

ऑपरेशन म्हणजे बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून तारा घालतात, मोठ्या मुलांना प्लेट. तारा नंतर ओपीडीतच काढल्या, ते पाच मिनिटांचं काम, पण आखडलेलं कोपर मोकळं व्हायला दोन-अडीच महिने गेले आणि तेवढे दिवस घरात रोज रडारड. नसेला धक्का लागण्याची थोडी भीती असते, कधी बाक थोडा उरतोही. तुमच्या मुलाचा बाक कमी असेल आणि त्याचं काही अडत नसेल तर थांबा, मी आग्रह नाही करणार. पण अडत असेल तर मी परत हेच करेन, फक्त कोपर पूर्ण हलायला लागल्यावर, घाईत नाही.

एक मात्र आधी विचारून घ्या, पाचर काढल्यावर बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा दिसू शकतो. आमच्याकडे दिसतो. पोराचं लक्षही नाही, हाफ शर्ट घातला की माझंच जातं.